गाडीत काय घालायचं

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
सकाळी सव्वासात. जुन्या गाडीचे प्लग काढून, पॉलिशपेपरनं काजळी घासून, उन्हात फडक्यावर मांडले आहेत. ते वाळेपर्यंत हे लिहितो.

इंद्रजितदादा,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. पुण्याचा पत्ता तू आईला पाठवलेल्या साडीच्या कुरिअरवरून उतरवून घेतला.

आईच्या खात्यावर तुझे दोन लाख जमा झाले. फोनवर तू काय म्हणालास तेही तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. इलेक्ट्रिक गाडी घ्या, तो डबा भंगारात घाला, अण्णा ज्या गाडीत गेले ती दारात असेपर्यंत मी पायरी चढणार नाही. हे सांगून ती चुलीपुढं बसून राहिली. मग म्हणाली, "अक्षदा आता चालत आसंल न्हाय?" तुझ्या लेकीला तिनं फक्त मोबाईलमध्ये पाहिलं आहे.

अण्णांना दवाखान्यात नेत होतो त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. फॅनचा पट्टा त्याच महिन्यात बदलला होता, पावती माझ्याकडं आहे. फुटला तो रेडिएटरचा पाईप. एवढंच.

पैसे आले म्हणजे लगेच घ्यावी असं नाही. मी दोन्ही बाजू मांडतो, तू बघ.

जुनी गाडी लिटरला तेरा देते. चार शिक्षकांना रोज नळदुर्गहून आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हेच माझं काम. त्यांचे महिन्याला चौदा हजार येतात, त्यातले जवळजवळ अकरा पेट्रोलला जातात. उरलेल्या तीन हजारांत ऑइल, टायर आणि चन्नबसप्पा मिस्त्री. गाडी ऑइल खाते. नवे पार्ट मिळत नाहीत, सोलापूरच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात. पुढच्या वर्षी पुन्हा पासिंग आहे.

सोलापुरात दोन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक बघून आलो. सहा लाख वीस हजार सांगतात. तुझे दोन लाख भरले तर बाकीचा हप्ता नऊ हजार तीनशे. वीजबिल महिन्याला दोन हजारांच्या आत. म्हणजे पेट्रोलचे जे वाचतात त्यातच हप्ता जवळजवळ निघतो. कागदावर ती जिंकते, हे मी मान्य करतो.

भीती विजेची आहे. शेतीच्या विजेचा रात्रपाळीचा आठवडा असला की सगळ्या शिवारातल्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. गाडी रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी निम्मीच भरलेली निघाली तर?

आणि दुसरी गोष्ट गावाची. अण्णांनी कधी भाडं घेतलं नाही, तुला माहीत आहे. बाळंतपण असो, साप चावलेला असो, माणूस दुकानातून पेट्रोलची दोन लिटरची बाटली भरून घ्यायचा आणि आपल्या दारात यायचा. काय झालं ते सांगायच्या आधी अण्णा नरसाळं हातात घ्यायचे. अण्णा गेल्यावर मीही तेच चालू ठेवलं आहे. महिन्यात तीन-चार फेऱ्या होतात.

प्लग वाळले. तुझं मत कळव. आईच्या फोनवर सांगितलंस तरी चालेल.

सुरज

सोमवार, ३१ मार्च २०२५
दुपारी दोन. ईदची सुट्टी, आज शिक्षकांची फेरी नाही. नव्या गाडीच्या काचेवरचा हळदीचा डाग काढत होतो, निघत नाही.

दादा,

काल पाडव्याला गाडी आणली. आधी तुळजापूरला गेलो, आई पुढं बसली होती. घाटात गाडी आवाज न करता चढली तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "बंद तर न्हाय ना पडली?" मी म्हणालो, चालू आहे. मग ती माझ्याकडं न बघता बाहेर बघत राहिली.

गावात आल्यावर सगळे जमले. समोरची गंगम्मा काठी टेकत आली, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि चाकाखालची लिंबं नीट बसली आहेत का ते वाकून बघितलं. मग आत बसून दार लावून घेतलं. बाहेर येऊन म्हणते, "सुरज्या, हिला तेल नगं, पाणी नगं, आवाज बी न्हाय. बायकू करावी तर आशी."

तिचा मुलगा शिवप्पा म्हणाला, "आवाज न्हाय त म्हशीला कळावं कसं, बाजूला व्हायचं?"

"तू हाईस की वरडायला," गंगम्मा म्हणाली. "तुझा आवाज म्हशी वळखत्यात."

सगळे हसले. तेवढ्यात मी एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. म्हणालो, आता कोणी बाटली आणायची नाही. ह्या गाडीला काही लागत नाही. अडचण आली की नुसती हाक मारा, सोलापूरपर्यंत फुकट.

शिवप्पा म्हणाला, "फुकट व्हय? बरं झालं मग."

अण्णांना हे ऐकून बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

विजेचं काम वायरमनकडून करून घेतलं. वेगळी वायर, वेगळा सॉकेट, आणि अंगणात खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरून अर्थिंग. खड्डा कोरडा पडू नये म्हणून आई तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या तिथं ओतते. काल म्हणाली, "एका दारात दोन तुळशी झाल्या."

जुनी गाडी दारातून गेली. चन्नबसप्पांकडं सोडून आलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील ना? आईनं शेवया आतापासूनच करायला घेतल्या आहेत.

सुरज

रविवार, ८ जून २०२५
सकाळी नऊ. टायरमधली हवा तपासून झाली, चारी सारख्या.

दादा,

तू येऊन गेल्याला आज तीन आठवडे झाले. तेव्हा बोलणं जमलं नाही, म्हणून आता लिहितो.

तू गाडीतून उतरलास, अक्षदाला आईच्या हातात दिलंस आणि माझ्याकडं न बघता नव्या गाडीकडं गेलास. विचारलंस, "रेंज किती देते?"

मी म्हणालो, "एकशे ऐंशी. एसी लावला तर एकशे साठ."

"बॅटरीची वॉरंटी?"

"सहा वर्षं राहिली."

"बरं."

एवढंच. पण दादा, अण्णांच्या तेराव्यानंतर तू माझ्याशी पहिल्यांदा बोललास ते हेच. आईला आणि अक्षदाला घेऊन तू नळदुर्गच्या किल्ल्याकडं चक्कर मारून आलास तेव्हा मी घरीच थांबलो. गाडीत जागा होती. तू म्हणाला नाहीस आणि मी विचारलं नाही.

जेवताना तू विचारलंस, "त्या डब्याचे किती आले?" मी म्हणालो, बावीस हजार.

निघताना टपावर हात ठेवून म्हणालास, "शंभर टक्के भरत जाऊ नकोस. ऐंशीवर थांबव. बॅटरी टिकते." ते मी पाळतो. सोलापूरला जाऊन यायला एकशे वीस किलोमीटर, ऐंशी टक्क्यांत ते आरामात होतं.

अक्षदा गेल्यावर आईनं तिचं राहिलेलं झबलं धुतलं नाही. उशीखाली ठेवलं आहे. दिवाळीला येतो म्हणालास, तेव्हापासून ती रोज एक तरी गोष्ट दिवाळीवर ढकलते. घराला रंग दिवाळीला, नवी चादर दिवाळीला.

गाडी चांगली चालली आहे. दोन वेळा ट्रान्स्फॉर्मर उडाला तेव्हा नळदुर्गच्या ढाब्यावर लावून आणली. शिक्षक खूश आहेत. मॅडम म्हणतात, आता साडीला पेट्रोलचा वास येत नाही.

एकच लक्षात आलं. पाडव्यापासून गाडी मागायला कोणी आलेलं नाही. आधी मला वाटलं, उन्हाळा आहे, लग्नसराई आहे, लोक बरे असतील. पण परवा शिवप्पाच्या बायकोला दात काढायला नळदुर्गला जायचं होतं. ती उन्हात फाट्यापर्यंत चालत गेली, एस.टी.ची वाट बघत बसली. मी नळदुर्गच्या ढाब्यावरून गाडी भरून येताना तिच्या समोरूनच गेलो. संध्याकाळी शिवप्पाला म्हणालो, "सांगायचं की." तो म्हणाला, "दातासाठी गाडी कशाला काढायची."

अण्णांच्या वेळेस त्याच दातासाठी ती दोनदा आपल्या गाडीतून गेली होती. मी तेव्हा शेजारी बसलो होतो.

सुरज

रविवार, २४ ऑगस्ट २०२५
सकाळी अकरा. आज कशाला हात लावलेला नाही.

दादा,

गंगम्मा गेली. गेल्या सोमवारी. आईनं तुला फोनवर सांगितलं असेल, पण तिनं कसं सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मी लिहितो.

सोमवारी सकाळी शिक्षकांना सोडून मी परत आलो होतो. गाडी अंगणात धूत होतो. आठवडा दिवसपाळीचा होता, रात्री वीज नीट होती, सकाळची फेरी होऊनही काटा पासष्टवर. शिवप्पा घरातून निघाला आणि आपल्या दारावरून दुकानाकडं पळाला. मी विचारलं, "काय शिवप्पा, घाईत?"

तो म्हणाला, "काय न्हाय. येतो."

मी चाकं धूत राहिलो.

त्यानं दुकानातून नळदुर्गच्या जीपवाल्याला फोन लावला. जीप यायला तासाच्या वर लागला, कारण फाट्यावर रस्त्याचं काम चालू आहे. जीप आली तेव्हा मला कळलं. गंगम्माला दोघांनी धरून आणलं. श्वास लागला होता, ओठ काळे. मी हातातला पाईप टाकून पळालो, म्हणालो, इकडं बसवा, माझी गाडी तयार आहे. शिवप्पा म्हणाला, "आता जीप आलीया." जीपवाल्यानं दार लावलं. नळदुर्गच्या अलीकडं ती गेली. दवाखान्याच्या दारातूनच परत आणली.

मातीला मी होतो. त्यांच्यात बसवून पुरतात. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो तरी शिवप्पानं माझ्याकडं बघितलं नाही. रागानं नाही, दादा. तुझं तसं बघणं मी ओळखतो. हे वेगळं होतं.

काल त्याच्या गोठ्यात गेलो. तो म्हशीपुढं कडबा टाकत होता. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस.

त्यानं अजून एक पेंढी सोडली. मग म्हणाला, "काय घिऊन यायचं?"

"काही आणायचं नव्हतं. मी सांगितलं होतं की."

"सांगितलंस. सगळ्या गावाम्होरं सांगितलंस." कडबा टाकायचा थांबला. "अण्णा हुते तवा म्या कधी रिकाम्या हातानं आलो न्हाय. पैका नसला तर दुकानात उधार मांडून बाटली आणली. अण्णांनी नरसाळं धरलं की माझी मान ताठ. आता तुझ्या घरची लाईट, तुझ्या भावाच्या पैशाची गाडी. तिच्यात म्या काय घालायचं सुरज?"

मी म्हणालो, "मग किलोमीटरला दहा रुपये लाव. तसं देत जा."

"मंग आमी गिऱ्हाईक झालो की. गिऱ्हाईक व्हायचं तर जीपवाला हाय."

"पण गंगम्मा होती शिवप्पा."

"व्हय." तो पुन्हा कडबा टाकायला लागला. "म्हातारीच म्हनली, सुरजला हाक मार. म्या म्हनलो, जीप बोलावतो. दोन घटका जात्यात म्हनून कोन मरतंय, आसं वाटलं."

त्याच्या बायकोनं आतून चहा आणला. मी घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू चांगल्यासाठीच म्हनला हुतास." अण्णा कमी बोलायचे, त्यामुळं त्यांच्याकडून असं काही झालं नाही, असं मला वाटतं.

दादा, एक विचारतो. रेंज, हप्ता, वॉरंटी, सगळं मी लिहून काढलं होतं. तू इंजिनिअर आहेस. मी बारावीचे दोनच पेपर दिले. पण आपल्या दोघांपैकी कोणालाच हे का सुचलं नाही?

सुरज

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५
सकाळी आठ. पत्र टाकायला उशीर झाला. सप्टेंबरच्या पावसात फाट्याचा पूल खचला होता, परवा चालू झाला.

दादा,

आधी खरं ते. जुनी गाडी मी विकली नव्हती. बावीस हजार खोटे. पाडव्यापासून ती चन्नबसप्पांच्या गॅरेजमागं ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाला दोनदा आला, दोनदा मी त्याला परत पाठवलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आता ती दारात आहे. दोन आठवडे झाले.

चन्नबसप्पांना मी म्हणालो, इंजिन उघडा. ते म्हणाले, "दारात नवी गाडी असून ह्या म्हातारीवर पैसा घालतूस? डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हणालो, ही शिक्षकांसाठी नाही, गावासाठी. "गावासाठी नवी न्हाय का चालत?" मी म्हणालो, तिच्यात काही घालता येत नाही. त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली. मग पोराला म्हणाले, "जॅक आन."

रिंगा बदलल्या, रेडिएटर नवा टाकला. सगळे पाईप बदलले, जो फुटला होता तोसुद्धा नव्या जातीचा टाकला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये स्पिरिट असतं, त्यानं जुनं रबर मऊ पडतं, असं ते म्हणतात. पुन्हा बंद पडणार नाही असं मी तुला लिहून देऊ शकत नाही. एकोणीस वर्षांची गाडी आहे. कोणी आजारी माणूस आत असताना ती बंद पडली तर मी काय करीन, ह्याचा विचार मी रोज करतो. म्हणून ठरवलं आहे की माणूस बाटली घेऊन येईल, पेट्रोल जुन्या गाडीत घालीन, आणि रुग्ण गंभीर असला तर नेईन नव्या गाडीतून. लोकांना हे पटेल का, माहीत नाही. शिवप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

तुझी अट मला पाठ आहे. आईलाही.

गाडी अंगणात लावली त्या दिवशी आई उंबऱ्यात उभी होती. विचारलं नाही, कुठं होती इतके दिवस. जवळ आली, अण्णा बसायचे त्या बाजूच्या दारावर हात ठेवला. म्हणाली, "आनलीस. गंगम्मासाठी आनलीस, चांगलं केलंस." मग हात काढून घेत, "आता तो येत न्हाय."

मी म्हणालो, "मी दादाला पत्र लिहितो. समजावून सांगतो."

"लिव्ह," ती म्हणाली. आत गेली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला गेलो तेव्हा ती रंगाचे डबे माळ्यावर चढवत होती. मी हात द्यायला गेलो. म्हणाली, "राहू दे. घर आसंच बरं दिसतंय."

तुला गाडी बघवत नाही हे मी समजतो. मी त्या दिवशी चालवत होतो, मला रोज दिसते. चिवरीच्या वळणावर बॉनेट उघडून उभा होतो तेव्हा अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "घाई करू नगंस, हात भाजतील." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी ट्रक थांबवेपर्यंत किती वेळ गेला ते तू मला त्या दिवशी विचारलंस आणि मी सांगितलं. पण ते काय म्हणाले, हे तू विचारलं नाहीस.

तू आलास तर मी गाडी तेवढे दिवस शिवप्पाच्या गोठ्याशी लावीन. तो नाही म्हणणार नाही. पण ती विकणार नाही. हे लिहायला मला तीन कागद लागले.

तू पैसे दिलेस ते अटीवर दिलेस आणि अट मी मोडली. म्हणून हिशेब खाली देतो.

खर्च झाले
नव्या गाडीचे हप्ते, मे ते ऑक्टोबर, सहा: ५५,८००
वायर, सॉकेट, अर्थिंग: ६,१५०
जुन्या गाडीचं काम, ३८,७०० पैकी दिले: २४,७००
एकूण: ८६,६५०

देणे
बँकेचं कर्ज, बाकी: ३,८८,५००
चन्नबसप्पा, कामाचे राहिलेले: १४,०००
तुझे: २,००,०००. दिवाळीनंतर महिन्याला दोन हजारांनी आईच्या खात्यावरून पाठवीन.
शिवप्पाचे: त्यानं काही मागितलेलं नाही.

सुरज